झाकली मूठ

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. निमित्त झालं घरातल्याच एका प्रश्नाचं. "अमेरिकेत म्हणे लोक शर्टाखाली पिस्तूल लावून वाणसामान आणायला जातात, आणि ते कायद्याने चालतं. मग अशा माणसाची गाडी पोलिसाने अडवली तर तो काय करतो? सांगतो, की गप्प बसतो?" प्रश्न दिसायला साधा होता. उत्तर द्यायचं म्हणून थोडं वाचायला घेतलं आणि एकातून एक धागा निघत थेट १८१३ सालापर्यंत जाऊन पोचलो. तेच सगळं इथे मांडतोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी आपल्याकडचं थोडं. आपल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण आपल्याकडे शस्त्र ही सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेली गोष्ट आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. युरोपियन मंडळींना मात्र त्यातून सूट होती. (ही सूट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) ती गोऱ्यांची सूट यथावकाश गेली, १९५९ साली स्वतंत्र भारताचा नवा कायदा आला, पण परवाना राहिला. निवडणुका आल्या की परवानाधारकांना आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, हे आपण पेपरात वाचतोच. अमेरिकेत सुरुवातच उलटी. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं हा लोकांचा हक्क म्हणून लिहून ठेवला. मेहेरबानी सरकारची नाही. पण हक्क लिहून ठेवला म्हणजे भानगड मिटली असं थोडंच आहे?

दुसरी गोष्ट गाडी अडवण्याची. आपल्याकडे मामाने शिट्टी मारली की गाडी कडेला लावायची, खाली उतरायचं, कागद हातात घेऊन त्याच्याकडे चालत जायचं आणि मग "साहेब, जाऊ द्या ना" सुरू करायचं. अमेरिकेत यातलं काहीही करायचं नाही. मागून दिवे लुकलुकले की गाडी कडेला घ्यायची आणि जागचं हलायचं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. पोलीस चालत खिडकीशी येतो. मग लायसन्स आणि विम्याचा कागद मागतो. आता गंमत बघा. लायसन्स असतं पाकिटात, पाकीट असतं पँटच्या खिशात. विम्याचा कागद असतो ग्लोव्ह बॉक्समध्ये. आणि ज्याच्याकडे पिस्तूल असतं त्याचं पिस्तूल बहुधा कमरेला, खिशात किंवा त्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं. म्हणजे पोलिसाने सांगितलेलं काम करायला हात जिथे न्यायचा, तिथेच ती वस्तू. हा सगळा लेख खरं तर त्या एका हातभर अंतराबद्दल आहे.

आता इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कमरेला उघडं पिस्तूल लावून हिंडणं ही फारशी नवलाची गोष्ट नव्हती. वाईट समजलं जायचं ते लपवणं. केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी १८१३ साली लपवून शस्त्र बाळगण्याविरुद्ध कायदे केले. केंटकीच्या कायद्यात खिशातलं पिस्तूल, कट्यार, मोठा सुरा आणि गुप्ती या सगळ्यांची नावं घेतली होती. प्रवासाला निघालेल्या माणसाला मात्र त्यातून सूट होती, कारण वाटमारीची भीती खरी होती. त्यामागचा विचार असा, की ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही तो शस्त्र उघड्यावर बाळगेल, लपवतो तो मारेकरी. १८५० साली लुइझियानाच्या वरिष्ठ न्यायालयाने हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलं: उघडं शस्त्र माणसाला मर्दानी बचाव शिकवतं आणि लपवलेलं शस्त्र दगाफटका. केंटकीत गुप्ती बाळगणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात न्यायालयाने १८२२ मध्ये तो १८१३ चा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. तेव्हा राज्याने १८५० च्या नव्या घटनेत लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार मुद्दाम लिहून घेतला. इतका राग होता लपवण्यावर.

म्हणजे आपली ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण त्या काळच्या अमेरिकेत अजिबात चालली नसती. तिथे उघड्या मुठीला मान होता.

पण कोणाच्या मुठीला, हा पुढचा प्रश्न. १८५७ च्या प्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीय माणूस नागरिक का होऊ शकत नाही याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक कारण वाचून मी चमकलो. त्यांना नागरिक मानलं तर ते जातील तिथे शस्त्र बाळगू शकतील, असं टॅनींनी लिहिलंय. म्हणजे हक्क मान्य, पण तो त्यांच्या हाती जाईल म्हणून नागरिकत्वच नको! यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या गुलामांसाठी खास कायदे केले. त्यात काउंटीच्या मंडळाच्या परवान्याशिवाय त्यांनी बंदूक, दारूगोळा, कट्यार काहीही ठेवायचं नाही असं कलम होतं. अशा कायद्यांना आळा घालणं हा १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा एक हेतू होता. त्यानंतर कायद्यात उघडपणे ‘काळा’ असं लिहिता येईना. मग शब्द बदलले. कायदा सगळ्यांसाठी लिहायचा आणि लावायचा निवडक लोकांना.

याचा सगळ्यात स्वच्छ कबुलीजबाब फ्लोरिडात सापडतो. तिथे १८९३ साली बंदूक बाळगायला काउंटीचा परवाना लागेल असा कायदा झाला. १९४१ मध्ये त्या कायद्याखालचं एक प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, विषय होता गाडीत ठेवलेल्या पिस्तुलाचा. न्यायमूर्ती रिव्हर्स ब्यूफोर्ड यांनी आपल्या स्वतंत्र मतात सरळ लिहून टाकलं, की हा कायदा टर्पेंटाइन आणि लाकडाच्या छावण्यांत कामाला आलेल्या काळ्या मजुरांना नि:शस्त्र करायला केला होता, गोऱ्यांना तो लावायचा कधी हेतूच नव्हता आणि प्रत्यक्षात तो तसा लावलाही गेला नाही. हे कुणा चळवळीतल्या माणसाने म्हटलेलं नाही, न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिलंय, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. लिटनच्या कायद्यातली सूट आठवली ना? तिथे निदान ती कागदावर होती.

विसाव्या शतकात ‘परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर’ ही पद्धत पसरली. न्यूयॉर्कचा १९११ चा सलिव्हन कायदा त्यातला नावाजलेला. आणि मर्जी म्हटलं की पुढचं सांगायला नकोच. ३० जानेवारी १९५६ रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी गावात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. बायको आणि तान्हं मूल घरात होतं. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला! ज्याच्या ओसरीवर बॉम्ब पडलाय त्याला स्वसंरक्षणाची गरज नाही, तर मग कोणाला आहे? पुढे त्यांनी शस्त्राचा विचारच सोडून दिला हे आपल्याला माहीत आहे. पण त्या मार्गावर जाण्याआधी एकदा ते परवान्याच्या रांगेत उभे होते, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

दहा वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काही तरुणांनी वेगळी वाट धरली. १९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. तेव्हाच्या कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड्यावर बाळगणं कायदेशीर होतं. न्यूटनने कायद्याची पुस्तकं वाचली होती. ही मंडळी बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायची, पोलिसांनी कोणाला अडवलं की कायदेशीर अंतरावर उभं राहून बघायची. १९६७ च्या सुरुवातीला त्यांचीच गाडी पोलिसांनी अडवली. आत बंदुका दिसत होत्या. पोलिसाने बंदूक मागितली तेव्हा न्यूटनने नाव, पत्ता आणि ओळखपत्र याखेरीज काहीही द्यायला साफ नकार दिला. कायद्यात बसत होतं ते. पोलीस हात चोळत राहिले.

मग कायदाच बदलला. आमदार डॉन मलफर्ड यांनी भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्याविरुद्ध विधेयक आणलं. २ मे १९६७ ला पँथर मंडळी बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरली आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी विधेयक मंजूर झालं आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. पुढे बंदूकधारकांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले तेच हे रेगन.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे इथेच नोंदवायला हवी. २८ ऑक्टोबर १९६७ च्या पहाटे न्यूटनची गाडी पुन्हा अडवली गेली. गोळीबार झाला, एक तरुण पोलीस मारला गेला, न्यूटन आणि दुसरा पोलीस जखमी झाले. न्यूटनला झालेली शिक्षा पुढे १९७० मध्ये अपिलात रद्द झाली. नेमकं काय घडलं यावर वाद होत राहिला. पण खिडकीशी चालत जाणाऱ्या पोलिसाची भीती खोटी नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. त्याला गाडीत कोण बसलंय हे माहीत नसतं.

याच भीतीला कायद्याने हळूहळू जागा करून दिली. १९६८ च्या टेरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा सबळ संशय असेल तर पोलीस त्याला थांबवून अंगावरून हात फिरवून तपासू शकतो. १९७७ सालचं प्रकरण तर आपल्या विषयाचंच. फिलाडेल्फियात एक गाडी नंबरप्लेटची मुदत संपली म्हणून अडवली. चालकाला खाली उतरायला सांगितलं. उतरल्यावर त्याच्या कोटाखाली फुगवटा दिसला, चाचपलं तर भरलेलं रिव्हॉल्व्हर. न्यायालयाने निकाल दिला, की अडवलेल्या चालकाला कसलाही संशय नसताना खाली उतरवायला हरकत नाही, पोलिसाच्या जिवापुढे चालकाची ती गैरसोय किरकोळ आहे. १९८३ मध्ये गाडीच्या आतल्या भागातही शस्त्र शोधायची मुभा मिळाली. आणि १९९६ च्या व्रेन खटल्यात एकमताने ठरलं, की वाहतुकीचा कुठलाही नियम मोडलेला असेल तर गाडी अडवणं वैध. पोलिसाच्या मनात खरं कारण काय होतं हे बघायचं नाही. आता मला सांगा, मागचा दिवा, नंबरप्लेट, लेन बदलताना इंडिकेटर... पोलिसाने ठरवलं तर कोणाची गाडी अडवता येणार नाही?

म्हणजे एका बाजूला गाडी अडवण्याची आणि तपासण्याची मोकळीक वाढत होती. तेव्हाच दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं काहीतरी चाललं होतं.

१९८७ साली फ्लोरिडाने (होय, तेच ब्यूफोर्ड साहेबांचं फ्लोरिडा!) नवा कायदा केला. अर्जदाराने वय, प्रशिक्षण, गुन्हे नोंद वगैरे अटी पुऱ्या केल्या की लपवून शस्त्र बाळगायचा परवाना द्यायचाच, अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाही. राज्यामागून राज्य त्या वाटेने गेलं. २०१३ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला आणि लपवून शस्त्र बाळगण्याची काही ना काही सोय नाही असं एकही राज्य उरलं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही जुनी अट रद्द केली. २०२४ पर्यंत तर २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नव्हती.

गंमत लक्षात आली का? १८१३ मध्ये लपवणारा तो मारेकरी आणि उघडं बाळगणारा तो सज्जन. दोनशे वर्षांत पारडं फिरलं. उघडी बंदूक घेऊन दुकानात शिरलं तर लोकांची पाचावर धारण बसते, आणि शर्टाखाली नीट झाकून ठेवणारा, बोटांचे ठसे देऊन परवाना काढलेला माणूस सभ्य. झाकली मूठ सव्वा लाखाची झाली.

पण पोलिसाने गाडी अडवली की ती मूठ उघडायची वेळ येते. हात न हलवता, नुसत्या शब्दांनी.

यावर राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत. मिशिगनमध्ये अडवल्याबरोबर आपण होऊन सांगावं लागतं. मिनेसोटात पोलिसाने विचारलं तर सांगावं लागतं. ओहायोत पूर्वी ताबडतोब सांगण्याची सक्ती होती, २०२२ पासून विचारलं तरच. ही सक्ती किती अवघड होऊ शकते हे ओहायोतल्याच कँटन गावात २०११ च्या जून महिन्यात दिसलं. परवानाधारक चालक सांगायचा प्रयत्न करत होता, त्याला बोलूच दिलं नाही. शेवटी परवाना हातात दाखवून त्याने सांगितलं तेव्हा पोलिसाचा तोल गेला आणि तुला गोळ्या घालायला हव्या होत्या असं त्याने सुनावलं. सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. आणि वर चालकावर ‘वेळेत सांगितलं नाही’ असा ठपका! (तो न्यायालयात टिकला नाही.) धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

आता ज्या घटनेमुळे हा विषय अमेरिकेत घरोघरी पोचला तिच्याकडे येतो.

६ जुलै २०१६. मिनेसोटा राज्यात सेंट पॉल शहराला लागून असलेलं फाल्कन हाइट्स. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. फिलँडो कॅस्टील हा ३२ वर्षांचा तरुण गाडी चालवत होता. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. फिलँडो सेंट पॉलमधल्या एका माँटेसरी शाळेत जेवणघराचा प्रमुख होता. शाळेत कोणत्या पोराला दूध चालत नाही, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत हे त्याला पाठ होतं, असं त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं. कृष्णवर्णीय होता. पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना त्याच्याकडे होता.

जेरोनिमो यानेझ या पोलिसाने गाडी अडवली. सांगितलेलं कारण मागच्या दिव्याचं. मनातलं कारण वेगळं होतं: काही दिवसांपूर्वीच्या एका दरोड्यातल्या संशयिताशी, विशेषतः त्याच्या रुंद नाकाशी, या चालकाचं साम्य वाटतंय असं त्याने वायरलेसवर सहकाऱ्याला सांगितलं होतं. (व्रेन खटला आठवा. मनातलं कारण बघायचं नाही.) त्याने लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. फिलँडोने विम्याचा कागद दिला. मग शांत आवाजात, ‘सर’ म्हणून, त्याने सांगितलं की मला तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ बंदूक आहे.

मिनेसोटाच्या कायद्याने हे आपण होऊन सांगायची त्याच्यावर सक्ती नव्हती, पोलिसाने अजून विचारलं नव्हतं. त्याने चांगुलपणाने सांगितलं. पोलीस म्हणाला, मग तिला हात लावू नकोस. मग म्हणाला, बाहेर काढू नकोस. फिलँडो म्हणाला, काढत नाहीये. मैत्रीणही तेच म्हणाली. बंदूक हा शब्द उच्चारल्यापासून दहा सेकंदांच्या आत सात गोळ्या सुटल्या होत्या. मी हात नेत नव्हतो, हे त्याचे जवळजवळ शेवटचे शब्द. मैत्रिणीने पुढचा सगळा प्रसंग फेसबुकवर थेट दाखवला म्हणून जगाला कळला. नंतर त्याच्या खिशात पिस्तूल सापडलं, नळीत गोळी चढवलेली नव्हती. पाकिटात परवाना सापडला.

यानेझवर मनुष्यवधाचा खटला चालला. चालक पिस्तुलाकडे हात नेतोय असं मला वाटलं, जिवाची भीती वाटली, असं त्याने साक्षीत सांगितलं. गाडीत गांजाचा वास आल्याचा मुद्दाही बचावाने मांडला. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं, की काही लपवून घात करायचा असलेला माणूस आधी ‘माझ्याजवळ बंदूक आहे’ असं कशाला सांगेल? १६ जून २०१७ रोजी बारा जणांच्या ज्यूरीने यानेझला निर्दोष सोडलं. नगरपालिकेने त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही आणि फिलँडोच्या आईला जवळपास ३० लाख डॉलरची भरपाई मिळाली.

त्या काळात आणखी एक आकडा समोर आला. नॅशनल पब्लिक रेडिओने जुनी कागदपत्रं काढून मोजलं, तर १३ वर्षांत फिलँडोला किमान ४६ वेळा अडवलेलं होतं. त्यातली सहाच कारणं अशी होती जी चालत्या गाडीकडे बाहेरून बघून पोलिसाला दिसू शकतील. म्हणजे गाडी अडवली तर कसं वागायचं याचा सराव त्याच्याइतका फार थोड्यांना असेल. ‘नीट वागलं असतं तर काही झालं नसतं’ असं म्हणणाऱ्यांना या आकड्यापुढे काय उत्तर आहे मला माहीत नाही.

आता दोन्ही बाजू समोर ठेवून विचार करतो. पोलिसाच्या जागी मी असतो तर? अंधारी रात्र, खिडकीत अनोळखी माणूस, तो म्हणतो बंदूक आहे, आणि त्याचा हात खाली कुठेतरी जातोय. घाबरलो असतो. नक्की घाबरलो असतो. पण मग असंही वाटतं, की एखाद्या राज्याने लाखो लोकांना ‘खुशाल बाळगा’ असा परवाना द्यायचा, आणि त्याच राज्याच्या पोलिसाने त्यातला एकेक माणूस मारेकरी समजून वागायचं, यातलं एक काहीतरी सोडावं लागेल. २०१७ च्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने या कोंडीवर उत्तर दिलं: अडवलेला माणूस सशस्त्र असल्याचा रास्त संशय असेल तर तो धोकादायकही धरून चालावं, मग ते शस्त्र कायदेशीर का असेना. पोलिसाच्या बाजूने समजण्यासारखं आहे. पण याचा अर्थ परवाना असलेल्या माणसाने आपला हक्क बजावला की तो आपोआप संशयित होतो. आणि संशयित मानलेल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी वागणूक येते, असं इतिहास तरी सांगत नाही. मिनेसोटाचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनीच दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं, की गाडीतली माणसं गोरी असती तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

मला यात १९४१ चं ते निकालपत्र पुन्हा दिसतं. तेव्हा कायदा एकाच शब्दांत सगळ्यांसाठी लिहिलेला होता आणि कोणाला लावायचा हे लावणारा ठरवायचा. आता परवाना देणाऱ्या टेबलावरची मर्जी बहुतेक ठिकाणी संपली. न्यूयॉर्कपासून फ्लोरिडापर्यंत अर्ज करा, अटी पुऱ्या करा, परवाना घ्या. पण ती मर्जी नाहीशी झाली नाही, ती टेबलावरून उठून रस्त्याच्या कडेला गेली. तिथे ती दहा सेकंदांत निर्णय घेते आणि त्यावर अपील नसतं. किंग यांचा अर्ज नामंजूर झाला तेव्हा ते निदान घरी परत जाऊ शकले.

फिलँडोची आई व्हॅलरी कॅस्टील स्वस्थ बसली नाही. मुलाच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून शाळकरी पोरांच्या जेवणाची थकलेली बिलं भरली गेली. मिनेसोटाच्या वाहनचालक पुस्तिकेत, गाडीत बंदूक असताना पोलिसाने अडवलं तर काय करायचं याच्या सूचना यायला तिचा पाठपुरावा कारणी लागला. हात स्टिअरिंगवर ठेवा, सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका, वगैरे. २०२३ मध्ये मिनेसोटाने सगळ्या शाळकरी मुलांना मोफत जेवण देण्याचा कायदा केला. शाळेच्या जेवणघरात राबणाऱ्या माणसाच्या राज्यात तो झाला, याचं मला बरं वाटतं.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना उत्तर. सांगतो की गप्प बसतो? बहुतेक जण सांगतात, आणि बहुतेक वेळा काही होत नाही. प्रशिक्षण देणारे म्हणतात, ‘बंदूक’ हा शब्द आधी उच्चारू नका, आधी ‘माझ्याकडे परवाना आहे’ असं म्हणा, परवान्याचं कार्ड लायसन्सबरोबर द्या, आणि हात कुठे नेऊ ते पोलिसालाच विचारा. सल्ला चांगला आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या पोरांनीही, गाडीत काही असो वा नसो, हात दिसतील असे ठेवावेत आणि खाली उतरून ‘साहेब’ करायला जाऊ नये, हे माझं काकाच्या नात्याने सांगणं. पण या सल्ल्यात सगळी काळजी चालकानेच घ्यायची आहे, हेही लक्षात घ्या. शब्द कोणते, कोणत्या क्रमाने, कोणत्या आवाजात, हात कुठे. फिलँडोने यातलं बरंचसं केलं होतं. ऐकणाऱ्याने कसं ऐकायचं, याची पुस्तिका मात्र मला कुठे सापडली नाही.

असो. तिकडे राहणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या मंडळींचे अनुभव वाचायला आवडतील. जरूर लिहा.